पायाखालचे चार बोल्ट

महोदय,

फेब्रुवारीपासून दुपारच्या खाऱ्या वाऱ्याला जोर येऊ लागतो आणि ठाणे-नवी मुंबईतली काइटबोर्डिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने, फळीवर उभे राहून पाण्यावर घसरण्याचा खेळ) करणारी मंडळी मांडव्याकडे वळतात. सुट्टी जास्त असेल तर गोवा, त्याहून जास्त असेल तर रामेश्वरम. यांतले बरेच बोर्ड सेकंडहँड, पॅड (पायाखालची गादी) आणि स्ट्रॅप (पाऊल धरणारा पट्टा) यांच्यासकट घेतलेले असतात. पाय सैल बसतो, टाच उचलली जाते, पॅड पायाखाली फिरते, अशी कुरकुर सुरू झाली की संशय थेट स्ट्रॅपवर जातो आणि नवी जोडी मागवली जाते. आमचे म्हणणे असे, की आधी स्ट्रॅपच्या खाली बघा. दोष पुष्कळदा बोल्ट, वॉशर आणि इन्सर्ट (बोल्ट ज्यात शिरतो ती बोर्डातली धातूची नळी) या तिघांत असतो, आणि तो तसाच ठेवला तर नवा कोरा स्ट्रॅपही थोड्याच दिवसांत डुगडुगायला लागतो.

दोन्ही दिशांना सारखा चालणारा ट्विनटिप बोर्ड घ्या. त्याच्या लाकडी किंवा फोमच्या गाभ्यात आटे पाडलेले धातूचे इन्सर्ट रेझिनमध्ये (सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात) बसवलेले असतात. आटे जवळपास सगळीकडे एम ६, म्हणजे व्यास ६ मिमी आणि पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतर, १ मिमी. प्रत्येक पायाखाली टाचेकडे एक ओळ आणि बोटांकडे एक. ओळीतली छिद्रे साधारण २५ मिमी अंतरावर. दोन ओळींमधले अंतर पुष्कळ बोर्डांत सहा इंच, म्हणजे १५२ मिमी असते. पण सगळ्याच कंपन्या ते पाळत नाहीत. म्हणून पॅड मागवण्याआधी एका छिद्राच्या मध्यापासून समोरच्या छिद्राच्या मध्यापर्यंत पट्टी लावून मोजा. पॅडमधली लांबट खाच थोडाफार फरक सांभाळून घेते, मोठा नाही. ओढूनताणून बसवायला गेलात तर बोल्ट तिरका शिरतो आणि पहिल्या दोन-तीन आट्यांची वाट लागते. बोल्ट नेहमी बोटांनी सुरू करावा. पहिले तीन फेरे बोटांनी फिरत नसतील तर तो बाहेर काढून पुन्हा सरळ धरावा, लगेच स्क्रू ड्रायव्हरला हात घालू नये.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते चुकीच्या लांबीच्या बोल्टने. लांबी अंदाजाने घेऊ नका, मोजता येते. उदबत्तीची काडी इन्सर्टमध्ये तळाला टेकेपर्यंत घाला, तोंडाशी नखाने खूण करा आणि मोजा. समजा खोली १० मिमी भरली. पॅडचा कडक तळ छिद्रापाशी ६ मिमी जाड आहे आणि वॉशर २ मिमी. १६ मिमीचा बोल्ट घेतला तर इन्सर्टमध्ये ८ मिमी शिरेल, झकास पकड. १८ मिमीचा घेतला तर १० मिमी शिरून तळाला टेकेल. हाताला वाटते की बोल्ट आवळला, प्रत्यक्षात पॅड सैलच राहते. आणखी जोर लावला की बोल्टचे टोक तळावर दाब देते आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला, बरोबर इन्सर्टखाली, फोड आल्यासारखा फुगवटा दिसायला लागतो. उलट १२ मिमीचा घेतला तर फक्त चार आटे धरतात आणि उडीवरून उतरताना ते कातरले जाऊ शकतात. किमान ६ मिमी तरी आत जायलाच हवे. दुकानात एक गोष्ट विसरू नये: गोल डोक्याच्या बोल्टची लांबी डोक्याखालून मोजतात, काउंटरसंकची, म्हणजे डोके पृष्ठभागात सपाट बसणाऱ्या बोल्टची, डोक्यासकट. फिनचे (बोर्डाच्या तळाच्या छोट्या परांचे) आणि पॅडचे बोल्ट बहुधा दोन्ही एम ६च असतात, लांबी मात्र वेगळी. ते एकाच डबीत टाकणे म्हणजे पुढच्या वेळचा घोळ आजच करून ठेवणे.

धातूबद्दल. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-महापेच्या पट्ट्यात स्टेनलेसचे नटबोल्ट सुटे मिळतात. तिथे नुसते ‘एसएस’ मागितले तर बहुधा ३०४ प्रतीचे स्टेनलेस हातात पडते. मिठाच्या पाण्यासाठी ३१६ मागा. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे मीठ खड्डे पाडत नाही तितक्या लवकर. डोक्यावर ‘ए४-७०’ असा ठसा असेल तर ते ३१६च्या वर्गातले. ‘ए२-७०’ म्हणजे ३०४च्या. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही, दुकानदार कितीही ठासून सांगो. जस्ताचा मुलामा दिलेले साधे बोल्ट तर घेऊच नयेत. ते इन्सर्टमध्येच गंजतात, आणि मग निघताना इन्सर्ट बरोबर घेऊनच निघतात.

आता वॉशर. याच्याकडे फारसे कोणी बघत नाही, आणि पॅड फिरण्याचे कारण इथेच सापडते. पॅडच्या लांबट खाचेला बारीक दाते असतात आणि मूळ वॉशरच्या खालच्या अंगाला तसेच दाते. दोन्ही एकमेकांत बसले की पॅडचा कोन पक्का होतो. मूळ वॉशर हरवला आणि त्याजागी हार्डवेअरच्या दुकानातला सपाट वॉशर आला, की बोल्ट कितीही आवळा, टाचेच्या दाबाने पॅड सरकणारच. बोल्ट शेवटचा अर्धा फेरा आवळण्याआधी पॅड बोटांनी किंचित हलवून दाते जुळले की नाही ते बघावे. जुळताना ते जाणवतात. वाळूचा एक कणही मध्ये राहिला तर वॉशर तिरका बसतो. म्हणून आधी गोड्या पाण्याची धार आणि जुना टूथब्रश.

आवळायला फिलिप्स ३ नंबरचा, जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर वापरा. घरात असतो तो २ नंबरचा, आणि बोल्टच्या डोक्यावरची खाच खराब होते ती त्यानेच. ड्रिल मशीन लावूच नये. इन्सर्ट स्टेनलेसचा असेल तर वेगाने फिरणारा स्टेनलेस बोल्ट त्यात जाम होतो, मग पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. मुठीच्या जोराने घट्ट झाला की थांबा. सीझनभर पॅड काढायचेच नसेल तर आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एकच थेंब. लाल लावला तर बोल्ट तापवल्याशिवाय निघणार नाही. हा थेंब बोल्टला लावायचा, छिद्रात ओतायचा नाही, कारण एबीएस आणि पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला त्याने तडे जातात आणि बोर्डाची कड पुष्कळदा एबीएसचीच असते. दर फेरीनंतर पॅड काढून बोर्ड पिशवीत भरणाऱ्यांनी त्याऐवजी सागरी ग्रीस लावावे. ग्रीस लावलेला बोल्ट हाताला हलका फिरतो, तेव्हा जोर आवरता घ्या. कोणतीही पद्धत असो, पाण्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासानंतर किनाऱ्यावर येऊन चारही बोल्ट पुन्हा तपासा. पॅडखालचा मऊ थर दबतो आणि बोल्ट थोडा सैल होतो.

पॅड कुठे लावायचे हे घरच्या फरशीवर, सतरंजीवर बोर्ड ठेवून ठरवावे. बोर्डाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना छिद्रे मोजा आणि दोन्ही पॅड सारख्याच छिद्रावर घ्या. ट्विनटिपला पुढे-मागे नसते. मध्यम उंचीच्या माणसाने सुरुवात एका पॅडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ५० ते ५५ सेंमीवर करावी, मुले आणि ठेंगणी माणसे त्याहून कमी. कोन दोन्ही पायांना बाहेरच्या अंगाला ९ ते १२ अंश. वर उभे राहून गुडघे वाकवा. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या दिशेने गेला पाहिजे. आत झुकत असेल तर कोन कमी करा किंवा पाय जवळ आणा. दुखणारा गुडघा बहुतेक वेळा या दोन आकड्यांत सुधारतो, महागड्या पॅडमध्ये नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. अंतर, कोन आणि स्ट्रॅप तिन्ही एकदम हलवले तर फरक कशाने पडला ते कळायला मार्ग उरत नाही.

ही मांडणी पाण्यावर तपासण्यासाठी बोर्ड घेऊन वाशी-ऐरोलीच्या खाडीत उतरायची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर ती तिथेच सोडावी. ओहोटीला गुडघाभर चिखल, काठाला खारफुटी, वरून विजेच्या उच्चदाब तारा. शिवाय ठाणे खाडी २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे.

स्ट्रॅप आता. पाय आत सरकवल्यावर अंगठा स्ट्रॅपच्या पुढे डोकावला पाहिजे आणि स्ट्रॅप पावलाच्या चढावर सपाट टेकला पाहिजे. निम्मेच पाऊल आत गेले तर पडताना बोर्ड पायाभोवती पिळतो आणि घोट्यावर बेतते. फार घट्ट असेल तर पाय सुटत नाही आणि तो पीळ गुडघ्याकडे जातो. अंगठ्याकडची बाजू करंगळीकडच्या बाजूपेक्षा थोडी पुढे यावी, म्हणूनच पॅडच्या दोन्ही कडांना स्ट्रॅपसाठी दोन-तीन छिद्रे दिलेली असतात. शिंपल्यांच्या किनाऱ्यावर बूट घालून उतरायचे असेल तर स्ट्रॅप बुटासकट लावून बघा, अनवाणी पायाचे माप तिथे चालत नाही. वेल्क्रो पकड सोडत असेल तर ते फेकण्याआधी जुन्या कंगव्याने त्यातली वाळू आणि धागे काढा. आणखी एक: काही पॅडवर स्ट्रॅप टोकदार, स्वतःच आटे पाडणाऱ्या स्क्रूने धरलेला असतो. तो स्क्रू चुकून एम ६च्या इन्सर्टमध्ये फिरवला तर आटे मेलेच म्हणायचे. सर्फबोर्डाच्या आकाराच्या काइटबोर्डांत स्ट्रॅपखाली प्लास्टिकचे प्लग असतात. तिथे उलट हेच टोकदार स्क्रू लागतात, आणि जास्त आवळले की प्लग पोकळ होतो.

पाय बंद करणारे वेकबोर्डाचे (बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या फळीचे) बूट बसवायचे तर आटे तेच एम ६, पण ताण कितीतरी जास्त. सगळ्या जागी बोल्ट हवेत, दोनवर भागवू नये. शिकणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. काइट पाण्यात पडल्यावर बोर्ड पायातून झटकन सोडता येत नाही.

अडकलेला बोल्ट निघत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचे टोक मिनिटभर डोक्यावर धरा आणि मग फिरवा. जास्त वेळ धरले तर इन्सर्टभोवतीचे रेझिनच मऊ पडते. बोल्टबरोबर इन्सर्ट गरगर फिरू लागला तर त्याची पकड सुटली असे समजून थांबावे. त्या फटीतून गाभ्यात पाणी जाते आणि लाकूड फुगते. इन्सर्ट काढून जागा कित्येक दिवस वाळवावी, कडा घासून, दाट केलेल्या इपॉक्सी रेझिनमध्ये तो पुन्हा बसवावा, आत मेण लावलेला बोल्ट ठेवावा म्हणजे आट्यांत रेझिन जात नाही, आणि २४ तास हात लावू नये. जून ते सप्टेंबर हे काम उघड्या गॅलरीत करू नका. आपल्याकडच्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, पांढरट साय धरते आणि वरचा थर नीट चिकटत नाही. पंखा नको, शक्य असेल तर एसीची खोली.

विक्रेते आणि प्रशिक्षण केंद्रे यांना आपल्या सदरातून एक विनंती. जुना असो वा नवा, बोर्ड हातात देताना दोन ओळींमधले अंतर, इन्सर्टची खोली आणि पॅडच्या बोल्टची लांबी हे तीन आकडे एका चिठ्ठीवर लिहून द्यावेत, आणि सोबत दातेरी वॉशरसकट दोन जादा बोल्ट. भाड्याच्या बोर्डाचे प्रत्येक पॅड ग्राहकासमोर दोन्ही हातांनी पिळून दाखवावे. किंचितही हलले तर तो बोर्ड त्या दिवशी बाजूला ठेवावा.

आपले,
बोर्ड दुरुस्तीचे काम करणारे काही जण,
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई