चित्रपुस्तकाच्या डमीविषयी, बाळूस

बेळगाव, १२ जून

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

तुझी वटवाघळाची गोष्ट वाचली. विषय झकास आहे. खानापूरच्या जंगलावर मुलांसाठी लिहायचं तर वटवाघळांची बारापेडे गुहा सोडून कसं चालेल? पण १,४०० शब्द म्हणजे चित्रपुस्तक नव्हे रे, तो ‘किशोर’ला पाठवण्याजोगा ऐवज झाला. पाच-सहा वर्षांच्या पोरांसाठी हवं असेल तर तीनशेपर्यंत खाली ये.

कापाकापीला बसण्याआधी डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, कर. ए-फोरचे सहा कागद एकात एक घालून मधोमध दुमडलेस की २४ पानं होतात. पहिल्यावर शीर्षक, शेवटच्यावर श्रेयनामावली. मधे २-३ पासून २२-२३ पर्यंत समोरासमोरच्या ११ जोड्या उरतात. तेवढीच तुझी जागा. जोडीमागे २५-३० शब्द धर आणि मजकुराचे तुकडे कापून त्यात चिकटव. चार जोड्या नुसत्या गुहेच्या वर्णनात गेल्यात, हे मग तुलाच दिसेल. ‘काळाकुट्ट अंधार होता’ काढून टाक, तो चित्रकार रंगवेल. ‘टप्प! थेंब पडला’ ठेव, कारण आवाज काही चित्रात येत नाही. आणि ‘गुहेच्या तोंडाशी दोन डोळे चमकले’ ही ओळ उजव्या पानाच्या तळाशी ने. उदमांजर दिसायला हवं ते पान उलटल्यावर. तू दोन्ही एकाच पानावर घातलंस, मग पान उलटायची घाई कुणाला असणार?

एक गोष्ट मात्र आधी दुरुस्त कर. गोष्टीतल्या पिलाच्या आईला तू जांभळं खायला लावलीस. बारापेडेची ही वटवाघळाची जात किडे खाणारी. जांभळं तशीच राहिली तर चित्रकार कोल्ह्यासारख्या तोंडाचं फळखाऊ वटवाघूळ काढून मोकळा होईल आणि सगळी चित्रं वाया जातील. त्याला फोटो पाठव आणि सोबत लिहून दे: कान मोठे, शेपूट पंखाच्या पडद्याबाहेर आलेली. एरवी चित्रकाराच्या कामात नाक खुपसू नये, पण इथं खुपसावंच लागतं.

आता कन्नड आवृत्तीचं. आपल्याकडे घरात मराठी आणि शाळेत कन्नड अशी कितीतरी पोरं आहेत, तेव्हा दोन्ही भाषांत काढायचं तुझं म्हणणं पटलं. पण ते छपाईआधी ठरव. ऑफसेट छपाईला चार शायांच्या चार प्लेटा लागतात, त्यातली एक काळी. मजकूर निव्वळ काळ्या शाईत असेल तर कन्नडसाठी फक्त काळी प्लेट बदलायची, बाकीच्या तीन त्याच चालतात. तुझी गोष्ट रात्रीची, म्हणजे चित्रकार निळ्या-काळ्या आभाळावर पांढरी अक्षरं मागणार. नको म्हण. पांढरी अक्षरं चारही प्लेटांत कोरली जातात, म्हणजे चारही नव्या कराव्या लागतात. शिवाय प्लेट केसभर सरकली तरी रफार आणि मात्रा शाईनं बुजतात. त्यापेक्षा खाली फिकट पट्टा सोडायला सांग, चंद्रप्रकाशातली कातळाची भिंत चालेल. मराठी मजकुराला लागते त्याहून पाव हिस्सा जास्त जागा ठेव, कन्नड ओळ कुठे लांबेल सांगता येत नाही. गोष्टीतल्या तळेवाडीच्या बसची पाटीही चित्रात रंगवू नये, ती मजकुरासोबत वेगळी टाकावी.

अक्षर २० पॉइंटच्या खाली नको. ओळींत भरपूर अंतर हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. दोन्ही कडा सरळ करायचा हट्टही नको, शब्दांमधे भगदाडं पडतात. मजकूर युनिकोडमधे दे, आणि प्रेसच्या जुन्या फाँटमधे तो बदलला गेला तर जोडाक्षरं पुन्हा एकेक करून तपास. चित्र कडेपलीकडे ३ मिमी वाढवलेलं हवं, नाहीतर कटिंगला पांढरी रेघ राहते. २४ पानांना सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर मारलेली पिनच बरी: पुस्तक पूर्ण उघडतं. तरी पिलाचं तोंड मधल्या घडीवर येऊ देऊ नकोस.

पैशाचं थोडक्यात. स्वतः काढणार असशील तर चित्रकाराचे पैसे आधी बाजूला काढ. प्रकाशकाकडे गेलास तर करारात कन्नड अनुवादाचे हक्क कुणाकडे राहतात ते वाचल्याशिवाय सही करू नकोस. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो. मराठीला एक आणि कन्नडला दुसरा, असे दोन घे.

डमी झाली की गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला दे. तू स्वतः वाचू नकोस, तुझी जीभ सगळे खड्डे चुकवत जाते. वाचणारा अडखळेल तिथं नुसती पेन्सिलची खूण कर, मधे बोलू नकोस. त्या खुणांसकट डमी माझ्याकडे धाड, चित्रकाराशी त्यानंतर बोलू की.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक