अंगणवाडीत उंदरांचं औषध नको, जाळी आणि सिमेंट द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस तोंडावर आला की आमच्याकडे किराणा दुकानांच्या गल्ल्यावर उंदरांच्या औषधाच्या पुड्या आणि ट्यूब येऊन बसतात, तेही बिस्किटांच्या बरणीला खेटून. थोडक्या पैशात त्या कुणालाही मिळतात, दुसरी-तिसरीतल्या पोरालाही. मी रोहा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्यासमोर तीन ते सहा वर्षांची मुलं जमिनीवर बसतात आणि हाताला लागेल ते तोंडात घालतात. त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

या औषधांत काय असतं हे घरोघरी कळायला हवं. काळी पूड बहुधा झिंक फॉस्फाईडची असते. ती पोटात गेली की तिथल्या आम्लामुळे फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. ट्यूबमधल्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो, तो जास्त फसवा. आधी उलट्या आणि पोटदुखी होते, मग एक-दोन दिवस मूल बरं दिसतं, खेळतंसुद्धा. आई-वडिलांना वाटतं संकट टळलं. त्यानंतर यकृत निकामी होऊ लागतं. रंगीत वड्यांमधल्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. त्याला व्हिटॅमिन 'के' हा उतारा आहे, पण रक्तस्राव दिसायलाच काही दिवस जातात. म्हणून मुलाने यातलं काहीही चाटलं असा नुसता संशय आला, तरी घरी वाट पाहू नका. त्याच घटकेला पुडी किंवा ट्यूब सोबत घेऊन दवाखाना गाठा.

मागे आमच्या केंद्रासाठीही अशाच पुड्या आल्या आणि धान्याच्या खोलीत टाका म्हणून निरोप आला. मी त्या परत पाठवल्या. ज्या खोलीतल्या तांदळाची आणि मूगडाळीची खिचडी मुलं खातात तिथे मी विष ठेवणार नाही, हे मी सांगितलं आणि आजही तेच सांगते.

मग उंदरांचं काय केलं? आधी ते येतात कुठून ते पाहिलं. संध्याकाळी भिंतीच्या कडेने रांगोळीची पांढरी पूड पातळ भुरभुरवून ठेवली. सकाळी तिच्यावर पावलं उमटली होती, मधून शेपटीची बारीक रेघ ओढलेली. ती माग दाखवत थेट दाराच्या खालच्या कोपऱ्यात गेली होती. उंदीर खोलीच्या मधून सहसा धावत नाही, अंग भिंतीला घासत जातो. म्हणून त्याची वाट सापडते.

भोक केवढं म्हणजे मोठं, याची सोपी परीक्षा आहे. शिसपेन्सिल आत गेली तर लहान उंदीर जातो, अंगठा गेला तर मोठा. आमच्या मदतनीस ताईंनी पेन्सिल घेऊन सगळी खोली तपासली. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली. भिंतीतल्या भोकांत भांडी घासायची तारेची घासणी दाबून बसवली आणि वरून सिमेंट लिंपलं. नुसता कापडाचा बोळा किंवा प्लास्टिकची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला काहीतरी लागतंच. कौलांखाली वाशांमधल्या फटींना पाव इंची लोखंडी जाळी मारली. पोती भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर घेतली. गूळ, शेंगदाणे झाकणाच्या डब्यात गेले. मुलं जेवून उठली की सांडलेली शितं लगेच झाडायची. हे जमलं की निम्मं काम झालं.

आत राहिलेल्यांसाठी चाप लावावा. त्यातही घाई करू नये. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. दोन-तीन रात्री चापावर खाणं ठेवायचं, पण त्याची स्प्रिंग ताणायची नाही. उंदीर निर्धास्त खाऊ लागला की मग लावायचा, भिंतीला काटकोनात, खाण्याची बाजू भिंतीकडे. भाजलेलं खोबरं किंवा सुकट दोऱ्याने घट्ट बांधावी, म्हणजे अलगद पळवता येत नाही. चाप एकदम तीन-चार लावावेत आणि तेही संध्याकाळी मुलं गेल्यावर. सकाळी पहिलं काम ते उचलण्याचं. मेलेला उंदीर उघड्या हाताने धरू नये, खोल पुरावा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत, ब्लिचिंगच्या पाण्याने भिजवून पुसाव्यात. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप पावसात आमच्या भागाला नवा नाही. चिकट पुठ्ठे मात्र मी ठेवत नाही, त्यावर जीव तासन् तास तडफडतो.

पुदिन्याचं तेल, तिखट, कांदा यांचा वास उडाला की उंदीर परत येतो. डांबर गोळ्या तर स्वतःच विषारी आहेत आणि मुलांना त्या पेपरमिंटसारख्या दिसतात. पिठात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून ठेवायचं, हेही घरगुती म्हणून सांगितलं जातं. लहान मुलाला त्यात पीठच दिसतं. तेही नकोच.

शेतातल्या उंदरांचं ज्ञान आमच्या वाडीवरच्या कातकरी बाप्यांकडे आहे. भात कापलं की ते बांधावरचं बीळ ओळखतात, दुसरी तोंडं बंद करतात, गवताचा धूर देतात आणि खणतात. आत लोंब्यांचा साठा निघतो. ज्यांची मुलं माझ्याकडे शिकतात त्या लोकांना पंचायतीने या कामाची रोख मजुरी दिली, तर पिकाचंही राखण होईल आणि त्यांच्या घरातही चार पैसे जातील.

शाळेच्या जुन्या इमारतीच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहते. अपशकुनी म्हणून तिला दगड मारणारे होते. मी माळ्याखाली पडलेला एक करडा गोळा माता बैठकीत काडीने फोडून दाखवला. घुबड न पचलेलं असं ओकून टाकतं. आत केस होते आणि पिवळसर लांब दातांची उंदराची कवटी अख्खी. बायकांनी ती हातोहात पाहिली. घुबडाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. विष खाऊन मरायला टेकलेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला, तर आपण आपलाच राखणदार मारतो.

उंदरी तीन आठवड्यांत विते. भोक उघडं आणि धान्य सांडलेलं असेल तर मेलेल्यांची जागा लगेच भरते आणि पुड्या पुन्हा आणाव्या लागतात. म्हणून माझी मागणी साधी आहे. पुड्यांवर जाणाऱ्या पैशातून प्रत्येक अंगणवाडीला मे महिन्यात पाव इंची जाळी, थोडं सिमेंट, दाराला पत्रा, झाकणाच्या कोठ्या आणि एक दिवसाचा गवंडी द्यावा. दुकानदारांनी हे औषध खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नये. आमच्या गावातल्या एका दुकानदाराने ते गल्ल्यावरून उचलून कुलपाच्या कपाटात ठेवलं आहे. बाकीच्यांनीही या पावसाआधी तेवढं करावं.

– एक अंगणवाडी सेविका,
रोहा तालुका, जि. रायगड