ब्लूमिंग्टनच्या काकांना, मनापासून

तीर्थस्वरूप काका,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही ‘जेवलीस का?’ विचारता आणि फोन काकूंच्या हातात देता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते इतरांनाही कळावं, अशी माझी फार इच्छा आहे.

वाचणाऱ्यांना थोडी ओळख करून देते. काका मूळचे कोल्हापूरचे, शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल बघत वाढलेले. नोकरीसाठी १९८०च्या दशकात अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला गेले आणि तिथलेच झाले. मी २०२३ मध्ये तिथल्या इंडियाना युनिव्हर्सिटीत किनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, शिकायला गेले. सातारा जिल्ह्यातली मुलगी, आयुष्यभर कबड्डी खेळलेली, गावात ओळखीचं कुणी नाही. गणपतीच्या आरतीला काकांची भेट झाली आणि पुढच्याच शनिवारी ते मला मेमोरियल स्टेडियमवर घेऊन गेले. थंडीत काकूंचे गुडघे धरतात, त्यामुळे त्यांच्या सीझन तिकिटाची जागा रिकामी असायची. ती मला मिळाली.

हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण, दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. मला पहिल्या दिवशी काहीच उमजेना. तेव्हा तुम्ही म्हणालात, “कबड्डीगत बघ की गं. एकेक प्ले म्हणजे एकेक चढाई. पाच-सहा सेकंद जीव ओतायचा, शिट्टी झाली की परत पहिल्यापासनं.” त्या क्षणापासून मला तो खेळ दिसायला लागला.

बघण्यासारखं तेव्हा फार नव्हतं, हेही खरं. त्या साली आपला संघ बारापैकी नऊ सामने हरला. बाहेरच्या मैदानात पोरं गाड्यांच्या मागे खातपीत बसायची आणि आत आलेली निम्मी मध्यंतराला निघून जायची. इंडियाना म्हणजे बास्केटबॉलचा मुलूख, पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेलं विद्यापीठ. फुटबॉलमध्ये मात्र वरच्या श्रेणीतल्या सगळ्या विद्यापीठांत सर्वाधिक पराभव तेव्हा आपल्या नावावर, सातशेच्या वर. बिग टेन या आपल्या विद्यापीठगटाचं विजेतेपद शेवटचं १९६७ मध्ये मिळालेलं, तेही वाटून. हंगामाअखेरचा बोल सामना शेवटचा जिंकला तो १९९१ मध्ये. लोकांनी या सगळ्याची सवय करून घेतली होती. तुम्ही शेवटच्या शिट्टीपर्यंत बसायचात. आधीचे कोच टॉम ॲलन यांना लोक नावं ठेवायचे, तेव्हा तुम्ही २०२०ची आठवण काढायचात. त्या साली त्यांनी आठपैकी सहा सामने जिंकून दिले होते. माणूस मनाचा मोठा आहे, असं तुम्ही प्रत्येक वेळी सांगायचात. हरणाऱ्या माणसाबद्दल कसं बोलावं हे मी तिथे शिकले.

नोव्हेंबर २०२३च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी नवे कोच म्हणून आले. वय बासष्ट. संघात खेळाडू कसे आणणार, असं विचारल्यावर त्यांनी पत्रकारांना सांगितलं की सोपं आहे, मी जिंकतो, गुगल करा. गावभर त्याचीच चर्चा. तुम्ही मात्र मला घरी बोलावलंत आणि खरंच गुगल केलंत. आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात ५२ विजय आणि ९ पराभव. तुम्ही म्हणालात, “ही बढाई न्हाय, हिशेब हाय.” त्याहून तुम्हाला आवडली होती ती २०११ची गोष्ट. अलाबामासारख्या बलाढ्य संघात मुख्य कोच निक सेबन यांच्या हाताखालची नोकरी सोडून, कमी पगारावर, हा माणूस दुसऱ्या श्रेणीतल्या इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाचा मुख्य कोच झाला. तिथे पूर्वी त्यांचे वडील फ्रँक कोच होते. पन्नाशीच्या तोंडावर असं पाऊल उचलणाऱ्याला आपल्याला काय करायचंय ते पक्कं माहीत असणार, असं तुमचं म्हणणं.

पुढच्या हंगामात तुम्ही मला सामन्याच्या तासभर आधी न्यायला लागलात. चेंडूकडे बघू नकोस, म्हणायचात. राखीव खेळाडू कुठे उभे आहेत बघ. प्ले संपल्यावर कोण चालत येतं, कोण पळत येतं बघ. आपण वेस्टर्न इलिनॉयला ७७-३ हरवलं तो सामना मला आजही तपशिलात आठवतो. शेवटच्या सत्रात निकाल कधीच लागलेला, मैदानात दुसरी-तिसरी फळी, आणि तुम्ही दुर्बीण माझ्या हातात दिलीत. कडेला सिग्नेटी उभे. चेहऱ्यावर हसू नाही, की समाधान नाही. ज्या मुलाचं नावही कुणाला माहीत नव्हतं, त्याची पावलं ते शून्य-शून्य बरोबरी असल्यासारखे बारकाईने बघत होते. पहिली प्ले असो की दीडशेवी, सारखीच खेळायची, समोर कोण आहे आणि फलकावर काय आहे याच्याशी घेणंदेणं नाही, हे ते नेहमी सांगतात. ते प्रत्यक्षात कसं दिसतं हे मी त्या दुर्बिणीतून पाहिलं. माझ्या वर्गात ‘संघसंस्कृती’ या विषयावर भरपूर वाचायला होतं. त्यातलं बरंचसं मला तुमच्या शेजारी बसून कळलं.

आल्यावर त्यांनी काय काय बदललं, याचा तुम्ही लावलेला अर्थ मी माझ्या वहीत उतरवून ठेवलाय. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट माणसांची. जेम्स मॅडिसनमधून तेरा खेळाडू त्यांच्या पाठोपाठ आले. आक्रमणाचे माइक शनहान आणि बचावाचे ब्रायंट हेन्स हे सहायक कोचही आले. म्हणजे सराव कसा चालतो, बैठकीला किती वाजता बसायचं, चूक झाली की काय होतं, हे सगळं आधीच अंगवळणी पडलेली मुलं पहिल्या दिवसापासून जुन्यांच्या शेजारी उभी होती. नवी शिस्त भिंतीवर लिहावी लागली नाही. शेजारचा मुलगा करतोय ते बघून बाकीचे करायला लागले. एकट्या कोचने बाहेरून येऊन भाषणं दिली असती तर याला किती वर्षं गेली असती, मला सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. हा मुलगा पुढे काय होऊ शकेल यापेक्षा त्याने आजवर मैदानात काय करून दाखवलंय, हे सिग्नेटी आधी बघतात. डिअँजेलो पॉण्ड्स हे तुमचं आवडतं उदाहरण. उंची पावणेसहा फूट, म्हणजे त्या खेळात अगदीच लहान चण. मोठ्या विद्यापीठांनी अशा मुलाकडे काणाडोळा करावा, हे ठरलेलंच. आमच्याकडेही उंच, धिप्पाड पोरगी दिसली की निवड समिती खूश होते, आणि डाव्या कोपऱ्यात चिवटपणे पकड करणारी बुटकी मुलगी राखीव बाकावर बसते. पॉण्ड्सकडे बघताना मला अशा किती मुली आठवायच्या.

आणि सराव! छोटा, पण एक मिनिट फुकट जात नाही. माझं सगळं शिक्षण ‘जितका घाम तितका खेळ’ या विचारात झालेलं. दमलेल्या शरीराला चुकीची हालचाल पक्की करायला लावण्यापेक्षा ताजेपणी कमी वेळात अचूक करून घ्यावं, हे शास्त्र मी पुस्तकात वाचलं होतं. तुमच्या गावात ते डोळ्यांसमोर चाललं होतं. दंड कमी, हातून चेंडू सुटणं कमी. आपला संघ समोरच्याला फुकट काही देत नाही, हे तुम्ही हंगामाच्या तिसऱ्याच सामन्याला म्हणाला होतात.

पैशाचा भाग तुम्ही कधी लपवला नाहीत, यासाठीही धन्यवाद. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं आणि वर्षभर बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येतं. हे नियम नसते तर ते तेरा जण आलेच नसते. ॲथलेटिक डायरेक्टर स्कॉट डॉल्सन पाठीशी उभे राहिले, मार्क क्युबनसारख्या माजी विद्यार्थ्याने हात सैल सोडला. पण त्याच नियमांत, याहून कितीतरी जास्त पैसा ओतून, अनेक विद्यापीठं जिथल्या तिथे आहेत. फरक पैशाने कुणाला आणलं आणि आणल्यावर रोज काय करून घेतलं यात होता, असं मला ठामपणे वाटतं.

२०२४ मध्ये पहिले दहा सामने सलग जिंकले. स्टँड भरायला लागले. मध्यंतरानंतर माणसं परत जागेवर यायला लागली, आणि ते बघून तुमचे डोळे भरून आले होते. मग ओहायो स्टेटने ३८-१५ हरवलं, डिसेंबरमध्ये नोटर डेमने २७-१७. सोपे सामने मिळाले म्हणून चाललं होतं, असं जो तो म्हणायला लागला. तुम्ही शांत होतात. मधल्या आठवड्यात पर्ड्यूला ६६-० हरवलं ते बघ म्हणालात. ओहायोत मार खाऊन आलेला संघ पुढच्याच शनिवारी असा खेळतो, त्या संघात काहीतरी मुळापासून बदललंय.

मे २०२५ मध्ये पदवी घेऊन मी परत आले आणि इथल्या एका कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाची जबाबदारी घेतली. तुमची साथ सुटली नाही. तुम्ही प्रत्येक सामन्याला फोन लावून ठेवायचात. पेन स्टेटचा सामना आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर संपला. दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला, आपण मागे, ८० यार्ड जायचंय, टाइमआउट शिल्लक नाही, आणि पहिल्याच प्लेला आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, फर्नांडो मेंडोझा याला पाडलं. फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, “पुढची चढाई.” आणि मग ती मुलं एकेक प्ले तशीच खेळत गेली, घाई नाही, आरडाओरडा नाही. ३६ सेकंद उरले असताना ओमार कूपरने मागच्या रेषेपाशी हवेत चेंडू झेलला आणि मैदानाबाहेर जाता जाता एका पायाचा चवडा आत टेकवला. २७-२४. मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या आजी उठून आल्या.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ओहायो स्टेटला १३-१० हरवून बिग टेन. मेंडोझाला हाइजमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, इंडियानाच्या इतिहासातला पहिला. मग राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, रोझ बोलमध्ये अलाबामावर ३८-३, ज्या संघाची नोकरी सोडून सिग्नेटी निघाले होते त्याच संघावर. पीच बोलमध्ये ओरेगनविरुद्ध पहिल्याच प्लेला तुमच्या लाडक्या पॉण्ड्सने चेंडू हिसकावून टचडाउन केलं. आणि १९ जानेवारीला मायामीविरुद्ध राष्ट्रीय अंतिम सामना, आमच्याकडे २० तारखेची सकाळ. संघातल्या पोरींना सहाला सरावाला यायची सवय आहेच, त्या दिवशी त्या माझ्या खोलीत जमल्या. चौथ्या सत्रात चौथी संधी, अजून चार यार्ड हवे होते. आधी किक मारणारे मैदानात आले. सिग्नेटींनी टाइमआउट घेतला आणि विचार बदलला. मायामीतच वाढलेला मेंडोझा मायामीच्या संघातून धडका खात, वळत, बारा यार्ड पळाला आणि अंग झोकून रेषेपलीकडे पडला. २७-२१. सोळापैकी सोळा. १८९४ मध्ये येलने केलं होतं, त्यानंतर वरच्या श्रेणीत कुणालाच जमलं नव्हतं.

तुम्ही फोनवर बराच वेळ बोललाच नाहीत. काकूंनी सांगितलं की तुम्ही रडताय.

काका, आमचा संघ अजून काही जिंकलेला नाही. पण सरावसामन्यात मी गुणफलक झाकून ठेवते. पहिल्या चढाईला पाय जसा टाकला तसाच शेवटच्या चढाईला टाकला का, एवढंच बघते. जानेवारीत एका सामन्यात दुसऱ्यांदा लोण बसल्यावर, बारा गुणांनी मागे असताना, आमची राखीव खेळाडू बोनस रेषेपर्यंत जाऊन दम न सोडता परत आली आणि बाकावरच्या सगळ्या पोरी उठून उभ्या राहिल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिथे कुठे बघायचं हे मला माहीत होतं, ते तुमच्यामुळे. त्या परक्या गावात दर शनिवारी कुणीतरी आपली वाट बघतंय, हेही तुमच्यामुळे. दोन्हींसाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे.

डिसेंबरमध्ये कोल्हापूरला येणार आहात असं काकू म्हणाल्या. वाटेत साताऱ्याला दोन दिवस उतरायचंच. मैदान स्टँडपासून जवळ आहे, सराव सकाळी सहाला. दुर्बीण घेऊन या. माझी उजवा कोपरा सांभाळणारी मुलगी पकडीआधी उगाच एक पाऊल पुढे टाकते. मला कारण सापडत नाहीये, तुम्ही बघून सांगा. काकूंच्या गुडघ्यांसाठी आईने तेल काढून ठेवलंय.

काकूंना सा. नमस्कार.

तुमची,
साताऱ्याची पोरगी