बोलोन्यातल्या कमानी

महोदय,

उत्सवाची आरास उतरली की ती कशी होती हे सांगायला फारसे काही उरत नाही. म्हणूनच इटलीतल्या बोलोन्या शहराचे उदाहरण मला मोलाचे वाटते. १५९८ साली फेरारा हे शहर ताब्यात घेतल्यानंतर पोप आठवे क्लेमेंट समारंभाने बोलोन्यात आले. त्यांच्या स्वागताला कमानी आणि शोभेची बांधकामे उभी राहिली. अशा कमानी लाकूड, कापड आणि गिलाव्याच्या असत. दिसायला संगमरवरी, आयुष्य मात्र काही दिवसांचे. पण इथे ती आरास तांब्याच्या पत्र्यावर उतरवली गेली, आणि उतरवणारा होता २३ वर्षांचा ग्विदो रेनी, पुढे युरोपभर नावाजलेला चित्रकार! पत्र्यावर मेणाचा थर, त्यात सुईने ओढलेली रेघ, मग आम्ल ती रेघ खोदून काढते. एका पत्र्यावरून कितीतरी छाप निघतात, त्यामुळे ही चित्रे स्वागताच्या वर्णनपर पुस्तिकेत छापता आली.

रेनीची मोठी धार्मिक चित्रे सगळे दाखवतात, ही छापचित्रे मागे राहतात. आपल्या रविवार पुरवणीत त्यांतली एक-दोन तरी पानभर छापावीत. लहान आकारात त्या बारीक रेघा दिसतच नाहीत.

– एक वाचक, पुणे