ओए यांनी लपवलं नाही ते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या नोबेलविजेत्यांवरच्या लेखात जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए यांच्याबद्दल वाचलं. त्यांचा अण्वस्त्रविरोध, १९९४चं नोबेल, त्याच वर्षी नाकारलेला जपानचा ‘ऑर्डर ऑफ कल्चर’ हा सन्मान, सगळं आलं होतं. मुलाबद्दल मात्र ‘मतिमंद मुलाचे प्रेमळ पिता’ एवढंच. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, त्याला अजून मीच अंघोळ घालते. म्हणून ते शब्द मला पुरले नाहीत.

१९६३च्या जूनमध्ये ओएंचा मुलगा हिकारी जन्मला तो मेंदूचा भाग कवटीबाहेर आलेल्या अवस्थेत. शस्त्रक्रिया केली नाही तर मरण, केली तर जन्मभराचं अपंगत्व. ओए तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. निर्णय होईना. त्याच उन्हाळ्यात ते हिरोशिमाला गेले. तिथल्या रेडक्रॉस रुग्णालयाचे डॉ. शिगेतो स्वतः बॉम्बच्या तडाख्यातून वाचलेले आणि तरी बॉम्बपीडितांवर उपचार करत राहिलेले. त्यांना भेटून परतल्यावर ओए शस्त्रक्रियेला तयार झाले.

आणि मग १९६४ साली त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या. ‘अ पर्सनल मॅटर’ या कादंबरीतला बाप बाळ मरावं म्हणून वाट बघतो, दुधाऐवजी साखरपाणी द्यायला मान्यता देतो, आणि अखेर बाळाला घरी आणायचं ठरवतो. ‘अघ्वी’च्या कथेतला बाप बाळाला खरंच मरू देतो, आणि पुढे ते बाळ त्याला आकाशात तरंगताना दिसत राहतं. आपल्या मनात काय येऊन गेलं ते ओएंनी जगासमोर मांडलं. माझ्या बाळंतपणानंतर तिसऱ्या रात्री माझ्याही मनात तेच आलं होतं. वीस वर्षं मी ते कुणाला बोलले नाही. ‘अ पर्सनल मॅटर’ वाचलं तेव्हा पहिल्यांदा नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “मलाही.”

हिकारी बोलत नसे. पक्ष्यांच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका तेवढ्या ऐकायचा. सहा वर्षांचा असताना डोंगरातल्या घराजवळ पाणकोंबडीच्या कुळातल्या पक्ष्यांची एक जोडी ओरडली, आणि ध्वनिमुद्रिकेतल्या निवेदकाच्या आवाजात हिकारी म्हणाला, “हे कुइना आहेत.” नोबेलच्या भाषणात ओएंनी हे सांगितलंय. पुढे हिकारी संगीतकार झाला.

पण आमची बहुतेक मुलं संगीतकार होत नाहीत. म्हणून विनंती, पुन्हा कधी ओएंवर लिहाल तेव्हा अघ्वीबद्दलही लिहा.

आपली,
एक आई, सातारा