शैले, डेकवर उभी रहा!

विश्रामबाग, सांगली

प्रिय शैले,

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून व्हॉट्सअॅपवर तुकडे तुकडे टाकण्यापेक्षा सरळ लांबलचक मेलच करते, निवांत वाच. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, छोट्या बोटीत चढउतार जमणार नाही, मग अलास्काला जाऊन देवमासे दिसणारच नसतील तर एवढा खर्च कशाला, असं तू भाऊजींना म्हणालीस ना, ते मला अजिबात पटलेलं नाही. अगं मी जे पाहिलं त्यातलं बहुतेक सगळं क्रूझच्या डेकवरनंच पाहिलं! अलास्कातल्या जुनो शहरात आम्ही छोट्या बोटीची टूर पण केली, ती चांगलीच होती, मासे जवळनं दिसले, पण तिथं गाईड बोटानं दाखवतो आणि आपण बघतो. जहाजावर आपलं आपण शोधायचं असतं आणि सापडला की जो आनंद होतो तो मला अजून पुरतोय.

तर ऐक. खोलीच्या बाल्कनीवर भिस्त ठेवू नको, तिथनं एकच बाजू दिसते आणि मासा हमखास दुसऱ्या बाजूला निघतो. बऱ्याच जहाजांना खालच्या अंगाला एक लांबलचक उघडा डेक असतो, प्रोमेनाड म्हणतात, लिफ्टनं थेट जाता येतं, बसायला खुर्च्या असतात, तुझ्या गुडघ्याला काही त्रास नाही. पहाटे लवकर जा किंवा रात्री जेवण झाल्यावर. हो, रात्रीच! जूनमध्ये तिकडं सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, सगळी मंडळी शो बघायला थिएटरात गेलेली असतात आणि डेक रिकामा, लख्ख उजेड. वारा पडलेला असला तर सोन्याहून पिवळं, कारण लाटा फुटायला लागल्या की जिकडं बघावं तिकडं पांढरंच दिसतं.

आणि शेपूट शोधू नको, वाफ शोध. मासा श्वास सोडतो तेव्हा हंपबॅक जातीच्या देवमाशाचा फवारा साधारण तीन मीटर उंच जातो, जाड आणि पसरट, लांबून अगदी गुऱ्हाळाच्या काहिलीवर वाफ उठावी तसा, आणि मागं गर्द झाडीचा डोंगर असला की दोन-तीन किलोमीटरवरनं पण कळतो. दुर्बीण आधी लावायचीच नाही, नुसत्या डोळ्यांनी सगळं पाणी सावकाश चाळायचं, काही दिसलं की मग दुर्बीण. पक्ष्यांवर पण लक्ष ठेव, सीगल एका जागी कालवा करत घिरट्या घालायला लागले की खाली हेरिंग माशांचा थवा असणार, आणि हेरिंग असले की देवमासा कधीही वर येऊ शकतो. जहाजावर नॅचरलिस्ट, म्हणजे प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगणारा माणूस, असेल तर तो घड्याळाप्रमाणं सांगतो, म्हणजे जहाजाचं नाक बारा वाजता, उजवीकडं सरळ तीन वाजता. हे आधीच डोक्यात बसवून ठेव, नाहीतर तो दोन वाजता म्हणेल आणि तू मनगटावरचं घड्याळ बघशील.

आता ती संध्याकाळ सांगते. फ्रेडरिक साउंड नावाचा भाग आहे, उन्हाळ्यात तिथं हंपबॅक खूप असतात. आमचे हे आत चहा आणायला गेले होते आणि मी रेलिंगला टेकून उभी. समोर एक वाफ, तिच्या शेजारी लगेच एक छोटी वाफ. आई आणि पिल्लू गं! आधी फवारा दिसला आणि आवाज मागनं आला, हूssफ, असा खोल. मग काळी पाठ वर आली, केवढी तरी लांब, संपेचना, तिच्यावर तो बारकासा पर, मग पाठ कमानीसारखी वाकली आणि शेपूट अख्खी पाण्याच्या वर. कडेनं पाणी पडद्यासारखं गळत होतं आणि खालची बाजू पांढरी, तिच्यावर काळे ओरखडे, एका टोकाला एक खाच. शेपूट अशी उभी वर आली की समजायचं, मासा खोल गेला, आता पाच-दहा मिनिटं तरी तो वर येत नाही. पिल्लू मात्र वरच घुटमळत होतं, दर थोड्या वेळानं त्याची ती एवढीशी वाफ. मला कसं सांगू शैले, घसा दाटून आला. हे चहा घेऊन आले तेव्हा मला बोलताच येईना, नुसतं बोटानं दाखवलं.

माझ्या लेकीनं, मुग्धानं, शेपटीचा फोटो काढला होता. प्रत्येक हंपबॅकच्या शेपटीची खालची बाजू वेगळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी, त्यावरनं शास्त्रज्ञ एकेक मासा ओळखतात. हॅपीव्हेल नावाची एक साइट आहे, तिथं कोणीही फोटो टाकायचा, ते जुन्या फोटोंशी जुळवून बघतात. मुग्धानं टाकला आणि काही दिवसांनी उत्तर आलं, ही मादी आधी हवाईला दिसलेली आहे! म्हणजे बघ, हिवाळ्यात या माद्या हवाईच्या कोमट पाण्यात पिल्लं घालतात आणि मग जवळजवळ ४८०० किलोमीटर पोहत अलास्काला येतात, कारण खाणं इथं आहे, हवाईत त्यांना जवळपास काहीच मिळत नाही. ती आई महिनोन्‌महिने उपाशी राहून पिल्लाला पाजत असते आणि त्यालाच बरोबर घेऊन एवढं अंतर कापते. बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून घालणाऱ्या आपण बायका, आपल्याला हे वाचून काय वाटेल तू सांग.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. २००१ मध्ये अलास्कातल्या ग्लेशिअर बे या राष्ट्रीय उद्यानातल्या खाडीच्या तोंडाशी एका क्रूझ जहाजाची धडक बसून गाभण हंपबॅक मेली. स्नो म्हणायचे तिला, १९७५ पासून शेपटीवरनं ओळखीची होती. तिचा सांगाडा २०१४ पासून तिथं बार्टलेट कोव्हला लोकांना बघायला मांडलाय. आपण ज्या जहाजावर उभं राहून त्यांना बघतो तेच जहाज त्यांच्या जिवावर उठू शकतं, हे मला माहीत असायला हवं असं वाटलं. आता ग्लेशिअर बेमध्ये दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ सोडतात आणि मासे असतात त्या भागात वेगावर मर्यादा आहे. जहाज हळू झालं की काही लोक कुरकुरतात, उशीर होतोय म्हणून. तू कुरकुरणाऱ्यातली नाहीस, पण शेजारी कोणी कुरकुरलं तर हे त्यांना सांग.

आणि हे सगळं फक्त तिकडंच आहे असं समजू नको हं. आंबा घाट उतरला की आपलाच समुद्र, आणि त्यात देवमासे आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला पिल्लू वाळूत अडकलं होतं, लोकांनी ओल्या कापडांनी झाकून, पाणी मारून त्याला समुद्रात न्यायला किती धडपड केली, टीव्हीवर पाहिलं असशील. अरबी समुद्रातले हंपबॅक तर जगावेगळेच, बाकीचे थंड पाण्याकडं ये-जा करतात, हे वर्षभर इथंच राहतात, आणि ओमानच्या बाजूला शंभरसुद्धा उरले नसावेत असा अंदाज आहे. आपल्या सांगलीच्या पेपरात देवमासा येतो तो उलटीची तस्करी पकडली म्हणून, करोडोंचा माल वगैरे. त्या प्राण्याबद्दल त्यात एक ओळ नसते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बरं, आता कामाचं. बुकिंग करताना ग्लेशिअर बे असलेलाच रूट घे, सगळी जहाजं तिथं जात नाहीत, आणि तिथं पार्कचे रेंजर जहाजावर चढून माहिती सांगतात ती चुकवू नको. कानटोपी, हातमोजे आणि वरनं रेनकोट पाहिजेच, जूनमध्ये पण. दुर्बीण विकत घेऊ नको, माझी आठ पटीची आहे, ती ने, त्याहून मोठी हातात थरथरते आणि काही दिसत नाही. पुढच्या महिन्यात साताऱ्याला लग्नाला येणार आहे तेव्हा घेऊन येते, तुझ्या गच्चीवर बसून अजिंक्यताऱ्यावर फोकस करायला शिकवते, भाऊजींना पण. तारखा नक्की झाल्या की लगेच कळव.

तुझी,
नंदा