हेतू चांगला, पण बोटी किती?

‘हेतू चांगला असेल तर परिणामाचा दोष देऊ नये’ असा सूर लावणारा आपल्या अंकातील लेख वाचला, पटला नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. चालवणाऱ्यांचा हेतू निर्मळच होता. पाणी दारात आल्यावर कोण कोणाला खाली उतरवणार? त्यांना बोल लावण्याची माझी हिंमत नाही. पण २००५ चा महापूर पाहिलेल्या जिल्ह्यात चौदा वर्षांनंतरही नदीकाठच्या गावांत पुरेशा बोटी का नव्हत्या, हे ज्यांच्या हाती वेळ होता त्यांना विचारायलाच हवे. हेतू त्यांचेही चांगलेच असतील. खरेदीची नोंद मात्र दाखवावी.

– एक वाचक, सांगली